मोठ्या माणसांची कुंची

“शिंकायचं असंल तर परसात जा. फौजदारीणबाईंच्या चटणीत तुझं काय मिसळू नगंस.”

आत्ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मला आधी वाटलं, हौसाक्कालाच बोलतेय. पण शिंकत होते मी. एक संपायच्या आत दुसरी, दुसरी संपायच्या आत तिसरी. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, आणि समोर लोखंडी उखळांत मुसळं आपली धाड धाड खाली येत होती. त्यांना काय, नाक नव्हतं.

सासूला आमच्या भागात आत्ती म्हणतात. माझी आत्ती म्हणजे तानूबाई, गडहिंग्लजच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत मिरची कांडप चालवणारी. सासरे गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं, आणि चालवलं ते नाकावर. बायका मिरच्या, धने, खोबरं, लवंग-दालचिनी असं सगळं घरी भाजून परातीतून घेऊन यायच्या. आत्ती त्यातलं चिमूटभर उचलून नाकाशी धरायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. “धनं करपलं.” “दगडफूल ओलं हाय, उन्हात टाका आन् उद्या या.” तिनं मान हलवल्याशिवाय मुसळ खाली यायचं नाही. ‘तानाक्काचं नाक’ म्हटलं की आख्ख्या तालुक्यात कळायचं.

आणि असल्या घरात मी सून म्हणून आले. मी आजऱ्याकडची. आमच्याकडं भात, झाडी आणि गार वारं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते मी आमच्या अंगणात बसून सांगायची. आत्ती मला बघायला आली तेव्हा तिनं स्वैपाक येतो का, शिवण येतं का, काही विचारलं नव्हतं. कनवटीची एक बंद डबी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “न उघडता सांग, आत काय?”

“हिंग,” मी म्हणाले. “पण डबी आधी तपकिरीची हुती.”

आत्ती माझ्या आईला म्हणाली, “सुपारी फोडा.”

मला तेव्हा गंमत वाटली होती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला आणि गंमत संपली. कांडपात पाऊल टाकलं की नाकात कुणीतरी काडेपेटीची काडी ओढल्यासारखं व्हायचं. हौसाक्का, जी आत्तीपाशी कित्येक वर्षं कामाला होती, ती धीर द्यायची, “हुतंय सवयीनं. माझं पण पयल्यांदा असंच झाल्तं.” आत्ती नुसतं परसाकडं बोट दाखवायची. मालक पहाटेच दुधाचा टेम्पो घेऊन बाहेर पडायचे ते संध्याकाळी यायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “आईला इचार.”

मी कुणाला विचारलं नाही. माहेरची जत्रा जवळ आली होती. दिनूदादा मला न्यायला येणार होता. चार दिवसांसाठी म्हणून जायचं आणि परत यायचंच नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि ट्रंक भरायला घेतली.

पण जत्रेपर्यंत जगायला तर हवं होतं. म्हणून मी डोकं चालवायला लागले.

पहिल्यांदा ओला पंचा नाकातोंडाला बांधला. बरं वाटलं, पण जरा वेळच. पंचा ओला, त्यामुळं उडालेली सगळी पूड त्याला चिकटली आणि बघता बघता माझ्या ओठांना जिवंत चटणीचा लेप बसला. मी हौदात तोंड घालून बसले तेव्हा गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत होती.

मग दुरडी घेतली. ती डोक्यावर पालथी घातली आणि तिच्या काठाला चहूबाजूंनी मच्छरदाणीचं कापड शिवून सोडलं. आत मी. नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखी ती झालर समोर लोंबत होती. पूड तर जाळीतून आत यायचीच, शिवाय मी उखळात वाकले आणि झालरीचं टोक मुसळाखाली गेलं. दुरडी माझ्या डोक्यावरनं सटकन उडाली आणि उखळात पडली. हौसाक्कानं बटण बंद करेपर्यंत दुरडीची चटणी झाली होती.

आत्तीनं ती निवडली. एक एक काडी बाजूला काढत म्हणाली, “कुणाची हुती मिरची?”

“जोश्यांची,” हौसाक्का म्हणाली.

“त्यांना सांग, बांबूनं हाडं मजबूत हुत्यात.”

तिसऱ्या वेळी मी किराणा दुकानातून गोळ्यांची मोठी प्लास्टिकची बरणी आणली. तिचा तळ कापला, झाकणाला भोकं पाडून त्यात कापूस भरला आणि बरणी डोक्यात घातली. पूड आत येईना! मी आतल्या आत ओरडले, “हौसाक्का, जमलं!” पण ते मलाच इतकं मोठ्यानं ऐकू आलं की कान बधिर झाले. मग श्वासानं बरणीला वाफ धरली आणि दिसेनासं झालं. मग बरणी काढायला गेले तर ती कानांशी अडकली. हौसाक्कानं गोडेतेल ओतलं, पाय माझ्या खांद्याला लावला आणि ओढली. त्याच वेळी आत्ती दारात आली. तिनं ते दृश्य बराच वेळ पाहिलं.

“झालं की हाक मारा,” म्हणाली आणि आत गेली.

माझं डोकं बरणीतून सुटलं तेव्हा एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. वर घट्ट, मानेवर पसरट आणि पाठीवर झोळ, असं काहीतरी पाहिजे. आणि असं तर आपल्याकडं आहेच की. तान्ह्या बाळाची कुंची! डोकं झाकते, कान झाकते, मानेवरनं पाठीवर उतरते. वारं लागू देत नाही म्हणतात, मग मिरची कशी लागू देईल?

आधी लहान करून बघावी म्हणून मी चिंध्यांतून एक छोटी कुंची शिवली. उंबऱ्यात बसून शिवत होते. शेजारची इंदूबाई पाणी घेऊन चालली होती. तिनं बघितलं, कळशी खाली ठेवली, गालातल्या गालात हसली, कळशी उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी आत्तीनं माझ्या ताटाशी कैरी ठेवली, वर तिखटमीठ लावलेली. कांडपाकडं निघाले तर म्हणाली, “आज नगं येऊस. धुरळ्यात कशाला? पाटी पण उचलू नगं.” संध्याकाळी दूध दिलं. गल्लीतल्या बायका येता-जाता माझ्याकडं बघून माना डोलवायला लागल्या.

मला कळलं नाही असं नाही. हौसाक्कानं त्याच दुपारी कानात सांगितलं होतं. पण खरं सांगू, दोन दिवस मी गप्प राहिले. कैऱ्या फार चांगल्या होत्या, आणि घरात बसून मोठी कुंची शिवायला उसंत मिळाली होती.

ती मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराची शिवली, दुपदरी. मानेशी नाडी. नाकासमोर आत कापडाची घडी, तिच्यातनं श्वास गाळून यायचा. अडलं ते डोळ्यांपाशी. साधा प्लास्टिकचा कागद लावला तर तो श्वासाबरोबर आत ओढला जाऊन पापण्यांना चिकटायचा. ताठ पण हलकं असं काहीतरी हवं होतं. माळ्यावर शोधताना तपकिरी पाकिटात एक एक्सरे सापडला. जुना, कडा वळलेला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून मी तो घासला. काळेपणा बराचसा गेला, पण सगळा नाही. माझा धीर संपला. निळसर काच तयार झाली, आणि तिच्यात एक गुडघा तरंगत राहिला.

तो डोळ्यांसमोर कापलेल्या खिडकीला लावून मी कुंची घातली. गमतीची गोष्ट अशी की जिथं मांस होतं तिथनं धुरकट दिसायचं आणि जिथं हाड होतं तिथनं स्वच्छ. मी डोकं हलवून हलवून जग मांडीच्या हाडात आणायची आणि बघायची.

कुंची काढून मांडीवर घेतली आणि नेमकी आत्ती आली. माझ्या मांडीवरचं ते घोंगडीएवढं कापड तिनं दोन्ही हातांनी उचलून धरलं.

“ही कुंची?”

“व्हय, आत्ती.”

“कुणाची? माझ्या बापाची?”

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता तिच्या तोंडावरचा उजेड हळूहळू उतरताना दिसला. कैरीची उरलेली फोड तिनं ताटातून उचलली, स्वतःच्या तोंडात टाकली आणि कचकच चावली.

“माझ्या कांडपावर सुनंनं तोंड झाकून हुबं ऱ्हायचं न्हाई,” ती म्हणाली. “गिऱ्हाईक म्हणंल, आत काय तरी भेसळ चाललीया.”

“मग हौसाक्काला देते,” मी म्हणाले. रागानंच म्हणाले. “ती काय सून न्हवं.”

“दे की. हौसानं घालावं न्हाईतर जाळावं.”

हौसाक्कानं एकदा घालून बघितली, परातीत स्वतःचं रूप पाहिलं आणि म्हणाली, “ह्यात मी मेल्यावानी दिसतीया.” आणि काढून खुंटीला टांगली. तेव्हापासून ती कुंची हौसाक्काची झाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी आत्ती नूलला एका लग्नाला गेली. दुपारी हौसाक्काच्या नातवाला ताप आला म्हणून तीही घरी गेली. कांडपात मी एकटी, आणि कुटायला लवंगी मिरची, सगळ्यांत जहाल. मी खुंटीवरची कुंची काढली, घातली, नाडी ओढली आणि बटण दाबलं.

काय सांगू! मुसळं धाड धाड चालली होती, पुडीचा लाल ढग छतापर्यंत गेला होता आणि मी आत आरामात श्वास घेत होते. एक शिंक नाही. आत धोतराचा वास होता, साबणाचा आणि जुन्या कापसाचा. मी चक्क गाणं म्हणायला लागले.

ढगातून आत्ती आली. लग्नातून लवकर निघाली असावी. मी गाणं गिळलं. ती एक्सरेसमोर येऊन उभी राहिली, मला नीट न्याहाळलं आणि बटण बंद केलं. एकदम शांत झालं.

“हौसा, सून कुठाय?”

मी हातानं घराकडं दाखवलं. बोलले असते तर संपलं होतं.

“बरं हाय. बस जरा.” आत्ती पोत्यावर बसली. गुडघा दाबत राहिली. “उद्या तिचा भाऊ यील. जाईल ती. आन् परत न्हाई यायची.”

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच माहीत नव्हतं.

“ट्रंकंत शालू भरलाय तिनं. चार दिसाच्या जत्रंला शालू कोण नेतं? मी काय आंधळी हाय? नाक न्हाई मला, डोळं हायत की.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

“असं काय बघतीस, हौसे? नाक न्हाई म्हणलं. माझा पोरगा उत्तम शाळंत जायला लागला त्या साली गेलं. आदी लवंगंचा वास जाईना झाला, मग खोबऱ्याचा. मग कशाचाच. आज शेण आन् अत्तर म्होरं ठेव, मला सारखंच.”

कुंचीच्या आत माझं तोंड उघडं पडलं होतं.

“मग निकाल कसा देतीस, इचार की. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचं. डोळं मिटल्यागत करायचं, थोडं किलकिलं ठेवायचं, आन् इचारायचं, ‘धनं कुणी भाजलं?’ सासूनं भाजलं म्हणली तर म्हणायचं, झ्याक. सुनंनं भाजलं म्हणली तर म्हणायचं, करपलंय. कंच्या सासूला त्ये पटत न्हाई?”

मला इतकं हसू आलं की कुंचीचा झोळ हलायला लागला. मी खोकल्याचं सोंग केलं.

“हस हस. पर किती दिस चालायचं त्ये? कुणीतरी धरणारच. म्हणून ही पोर आणली. न उघडता हिंग सांगितला, वर तपकीर सांगितली! असलं नाक मी जन्मात बघितलं न्हाई. म्हणलं, हातात हात देऊन शिकवीन, आन् मी गप बसून खाईन. पर पोरगी आली आन् शिंकायला लागली. मला कळंना, काय करू. इथं हुबी केली तर तिचं नाक माझ्यागत मरंल. हुबी न्हाई केली तर गाव म्हणंल, सुनंला डोक्यावर चढवली.” तिनं पोत्यावरची पूड हातानं झटकली. “तिला सांगू नगंस. पर घरात ती शिंकली की मला बरं वाटतंय. ह्या मुसळांशिवाय लई वर्सं घरात कसला आवाज न्हवता.”

ती उठली, बटण परत दाबलं आणि लाल ढगातून निघून गेली. मी कितीतरी वेळ नुसती उभी होते. लवंगी पिठासारखी बारीक झाली.

रात्री जेवताना माझी वेडीवाकडी भाकरी बघून आत्ती एवढंच म्हणाली, “ह्यो कंचा जिल्हा काढलास?”

सकाळी दिनूदादा आला. हातात टोपली. आईनं चिंचा, आवळे आणि लाडू भरून दिले होते, कारण इंदूबाईची बातमी एसटीच्या कंडक्टरबरोबर आजऱ्याला केव्हाच पोचली होती. दादा लाजून माझ्याकडं बघेना. आत्ती त्याला म्हणाली, “बस. बाळ न्हाई, टोपडं झालंय.” त्याला काही कळलं नाही. तो टोपली घेऊन कांडपाच्या पायरीवर बसला आणि पहिल्याच वाऱ्याला डोळे चोळायला लागला.

“हौसा,” आत्ती म्हणाली, “त्ये तुझं टोपडं आज सुनंला दे. जाणारच हाय, एक दिस घालू दे.”

“माझं?” हौसाक्का म्हणाली. मी तिला चिमटा काढला. “व्हय व्हय, माझंच की,” म्हणून तिनं कुंची खुंटीवरनं काढून माझ्या डोक्यात घातली.

एका गिऱ्हाइकाची मिरची कुटायला टाकली आणि दारात फौजदारीणबाई येऊन उभ्या राहिल्या. फौजदारसाहेब गावात नवे होते, बाई त्यांच्याहून करड्या. मागं शिपाई, त्याच्या हातात चटणीचा डबा.

“तानाक्का, ही तुमच्याकडं कुटलेली चटणी. कालपासून कडवट लागतेय. साहेबांनी ताट सारलं. तुम्हीच वास घेतला होतात आणि झकास आहे म्हणाला होतात. आता सांगा काय झालंय ते. नाही सांगता आलं तर ह्या नाकाचं काय खरं आहे ते मी हळदीकुंकवात सगळ्यांना सांगेन.”

“भाजलं कुणी हुतं, बाई?” आत्तीनं डाव टाकला.

“मी स्वतः.”

घरात ना सासू, ना सून. डाव फुकट गेला.

आत्तीनं मशीन बंद केलं नाही. उलट हौसाक्काला खूण केली, तिनं आणखी पाटीभर मिरची ओतली. ढग उठला. शिपाई शिंकत रस्त्यावर पळाला. दिनूदादा पायरीवर दुमडला. पण फौजदारीणबाई पदर नाकाला लावून खांबासारख्या उभ्या. डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण हलायचं नाव नाही. फौजदाराची बायको ती.

आत्तीनं चिमूट उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. या वेळी ते किलकिलेही ठेवले नव्हते.

मी पुढं झाले. डब्यातून चिमूटभर घेतली आणि हात मानेशी नाडीखालून कुंचीच्या आत घातला. बाहेर एवढ्या ढगात कुणाचंच नाक चाललं नसतं. पण माझ्याजवळ धोतराच्या आत मूठभर स्वच्छ हवा होती. मी हुंगलं. मिरची चांगली. धने चांगले. लवंग जरा जास्त. आणि ह्या सगळ्यांच्या मागं, तळाशी, एक ओळखीची कुबट घाण.

खवट खोबरं.

पण सांगणार कसं? बोलले तर नाक माझं ठरलं असतं. मी बाईंच्या पाठीमागं गेले, आत्तीसमोर उभी राहिले आणि स्वतःच्या डोक्यावर मूठ हाणली. आत्तीनं डोळे उघडले आणि बघत राहिली. मी पुन्हा हाणली, मग दोन्ही हात फाकवून डोकं फुटल्याचं दाखवलं. मग फुटलेल्या डोक्यातलं काढून तोंडात टाकलं आणि शहारले.

आत्तीच्या डोळ्यांत काहीतरी लखलखलं.

“खोबरं!” ती गरजली. “खवट खोबरं हाय ह्यात. बाई, ह्ये खोबरं इकत आणल्यालं न्हवं!”

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. नाकाचं नव्हतं, डोळ्यांचं होतं. बाईंचा पदर खाली आला.

“ते... साहेबांना एका दुकानदारानं प्रेमानं...”

“तरीच,” आत्ती मऊ आवाजात म्हणाली. “प्रेमाचं खोबरं लई दिस ठिवू नये, बाई. ताजं घिऊन या. मी हुबी ऱ्हाऊन कुटून देती.”

बाई हळदीकुंकवाचं नाव न काढता गेल्या. त्या गल्लीच्या वळणाला दिसेनाशा झाल्यावर आत्तीनं मशीन बंद केलं आणि पोत्यावर बसून राहिली. हौसाक्का तोंडात पदर कोंबून हसत होती. मी नाडी सोडून कुंची काढली.

“आत्ती, ती खूण कळली कशी?”

“डोकं फोडून खाण्याजोगं दुसरं काय असतंय?”

“आन्...” मी घुटमळले. “काल हौसाक्कानं मला सांगितलं.”

“मी?” हौसाक्का म्हणाली. “काल तर मी नातवापाशी हुते, पोरी.”

आत्तीनं माझ्या हातातनं कुंची घेतली. खिडकीवर बोट फिरवलं. निळसर काचेत गुडघ्याची वाटी होती, हाडं होती, आणि वाटीच्या बाजूला एक वेडीवाकडी भेग.

“म्हशीनं लाथ मारली हुती तवाची,” ती म्हणाली. “माझा गुडघा माझ्या म्होरं हुबा ऱ्हाऊन माझ्याकडं बघतोय, आन् मला कळणार न्हाई व्हय, आत कोण हाय त्ये? माळ्यावर चढायला ह्या हौसाला येतंय का?”

“मग सांगितलंत कशाला?”

आत्तीनं कुंचीची नाडी बोटाला गुंडाळली. दुसरीकडं बघत म्हणाली, “तोंडावर सांगायची लाज वाटती गं. टोपड्याला सांगितलं.”

मी दादाकडं बघितलं. तो पायरीवर लाल डोळ्यांनी बसला होता. आईनं दिलेला आवळा चोखत होता.

“विजे, गाडीची वेळ झाली,” तो म्हणाला. “ट्रंक कुठाय?”

“जा,” आत्ती म्हणाली. “जत्रा हाय. ट्रंक न्यायची तर ने. मी काय माझ्या सासूवानी एसटी स्टँडावर धरायला यायची न्हाई.”

मी घरात गेले. ट्रंक उघडली, शालू बाहेर काढून कपाटात ठेवला, दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि निघाले. जाताना आत्तीच्या पाया पडले. तिनं काही आशीर्वाद दिला नाही. नुसतं म्हणाली, “गार हवंत फिर जरा. जुनं धोतर असंल तर बघ, तुझ्या बापाचं.”

माहेरी चार दिवस राहायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी जत्रेत बत्ताशांच्या दुकानी उभी राहून वास घेतेय आणि ह्यात काय कमी आहे ते सांगायला जवळ कुणी नाही. आईनं विचारलं, “सासुरवास हाय का गं?” मी म्हणाले, “हाय. धोतर दे.”

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गडहिंग्लजला उतरले. बगलेत आप्पांची दोन धोतरं. गल्लीच्या तोंडाशी येते तर कांडपासमोर बायकांची ही रांग. परातीच पराती. मुसळं बंद. इंदूबाईनं मला थांबवलं.

“बरं झालं आलीस बाई. तुझ्या सासूला लई सर्दी झालीया. चार दिस झालं, वासच येत न्हाई म्हणती. त्येच्याशिवाय कुटायला तयार न्हाई. आम्ही आपल्या रोज येतोय, रोज परत जातोय.”

मी गर्दीतून आत वाट काढली. आत्ती पोत्यावर बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, समोर ओव्याची धुरी, हातात पदर. एका बाईनं परात पुढं केली की ती जोरात नाक शिंकरायची आणि मान हलवायची. शिंकरायला काही नव्हतं, पण आवाज मोठा होता.

तिनं मला बघितलं. पदर तसाच हातात राहिला. मग तो तिनं खाली सोडला, डोक्याचं फडकं सोडून हौसाक्काच्या अंगावर फेकलं आणि रांगेकडं बघून ओरडली,

“सर्दी गेली! कोण हाय पयली? आणा ती परात हिकडं.”